कुणासाठी कोणता योग?

दरवर्षी २१ जून उजाडला की आपल्या महाविद्यालयाच्या मैदानावर सतरंज्या अंथरल्या जातात. सकाळी सातच्या सुमारास आपण सारे डोळे चोळत रांगेत बसतो, ध्वनिक्षेपकावरून सूचना येतात, हात वर जातात, खाली येतात, छायाचित्र निघते आणि चहा घेऊन आपण तासाला पळतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये या दिवसाला मान्यता दिली आणि २०१५ पासून तो जगभर साजरा होऊ लागला. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु मैदानावर बसलेल्या आपल्यापैकी कितीजणांना आपण नेमके काय करतो आहोत, कशासाठी करतो आहोत आणि ते आपल्याला मानवणारे आहे की नाही, हे सांगता येईल? मला तरी गेल्या वर्षी सांगता आले नसते. आणि ते न कळता मी जे करून बसले, त्यामुळेच या विषयाच्या मागे लागले. तो प्रसंग पुढे येईलच.

'योग' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आसने उभी राहतात. परंतु योगशास्त्राचा मूळ ग्रंथ मानली जाणारी पतंजलींची योगसूत्रे चाळली तर मोठी गंमत वाटते. समाधी, साधन, विभूती आणि कैवल्य अशा चार पादांत मिळून ही सूत्रे एकशे पंचाण्णवच्या घरात भरतात. त्यांत प्रत्यक्ष आसनाविषयी सांगणारी सूत्रे अवघी तीन! तीही कोणत्या आसनाचे नाव घेत नाहीत. स्थिर आणि सुखाने बसता आले पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा. पतंजलींचा सारा रोख चित्तावर आहे. चित्तात उठणाऱ्या लाटा शांत होणे हा त्यांचा योग, आणि त्यासाठी त्यांनी यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान व समाधी अशी आठ अंगे सांगितली. यांतले पहिले अंग यम, म्हणजे अहिंसा, सत्य, चोरी न करणे इत्यादी. योग दिनाच्या दिवशी या पहिल्या अंगाचा उच्चार क्वचितच होतो. ते छायाचित्रात दिसत नाही, हे त्याचे कारण असावे!

मग एवढी आसने आली कोठून? ती आली मुख्यतः हठयोगाच्या परंपरेतून. स्वात्मारामांच्या 'हठप्रदीपिके'त, म्हणजे सुमारे पंधराव्या शतकात, पंधरा आसने सांगितली आहेत. त्यानंतरच्या 'घेरंडसंहिते'त ती बत्तीस होतात. नेती, धौती, नौली अशा शुद्धिक्रिया, बंध, मुद्रा आणि प्राणायाम हा सारा हठयोगाचाच संसार. आपल्या महाराष्ट्राला तो नाथपंथामुळे परिचित होता. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे जे तपशीलवार वर्णन आहे, ते मराठी वर्गातील आपल्या मित्रमैत्रिणींना आठवेल. तथापि ही विद्या गुरूकडून शिष्याला, तीही बहुधा संसार सोडलेल्यांना मिळत असे. नांगर धरणाऱ्याने किंवा जात्यावर बसणारीने आसने करावीत, असे कुणाच्या मनातही आले नसेल.

ती साध्या माणसाच्या अंगणात आली विसाव्या शतकात, आणि यात महाराष्ट्राचा वाटा फार मोठा आहे.

माझे गाव खटाव तालुक्यात आहे. तेथून औंध जवळ. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा जो प्रसार केला, त्याच्या गोष्टी आमच्याकडची म्हातारी माणसे अजूनही सांगतात. बाळासाहेबांनी आधी सँडो नावाच्या युरोपातील प्रसिद्ध मल्लाच्या पद्धतीचा व्यायाम कित्येक वर्षे केला होता. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग आयुष्यभर त्यांनी तो नेम सोडला नाही. स्वतः करून थांबले असते तर ते राजेच राहिले असते. त्यांनी संस्थानातील शाळाशाळांतून मुलामुलींकडून नमस्कार घालून घेतले, पुस्तके लिहिली, लंडनहून १९३८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तकही निघाले. आज सूर्यनमस्कार हा योगाचाच भाग मानला जातो, परंतु हठयोगाच्या जुन्या ग्रंथांतील आसनांच्या यादीत तो सापडत नाही. तो आपल्या तालमीच्या आणि उपासनेच्या परंपरेतला व्यायाम. पुढेमागे वाकणे, हातांवर भार घेणे, श्वासाची लय सांभाळणे हे सारे त्यात असल्यामुळे दहा-बारा नमस्कारांत घाम येतो. आमच्या प्राथमिक शाळेतले गुरुजी थंडीच्या दिवसांत ऊब यावी म्हणून आमच्याकडून तो करून घेत. स्वेटर नसलेल्या मुलांना तो उपाय किती गुणाचा होता, हे मी सांगू शकते.

औंधच्या राजांनी प्रसार केला, तर योगाला प्रयोगशाळेत नेण्याचे काम जगन्नाथ गणेश गुणे यांनी केले. तेच पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. जन्म १८८३ सालचा. घरची गरिबी, परंतु मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली होती. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात शरीर कमावले, नर्मदाकाठी मालसरच्या परमहंस माधवदासजींकडे योग शिकले, अमळनेरला अध्यापन केले. गुरूंनी सांगितले म्हणून मान डोलवायची हा त्यांचा स्वभाव नव्हता. नौली या क्रियेत पोटाचे स्नायू दोरीसारखे उभे करतात. ती करीत पाण्यात बसलेला योगी कोणत्याही यंत्राशिवाय आतड्यात पाणी ओढून घेतो. लोक याला सिद्धी समजत. गुणे यांनी क्ष-किरण आणि दाब मोजण्याचे साधन लावून पाहिले, तेव्हा त्या क्रियेत आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असे आढळले. म्हणजे पाणी चढते ते चमत्काराने नव्हे, पंपात चढते त्याच नियमाने! त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला 'कैवल्यधाम' स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू करून आपले प्रयोग छापायला आरंभ केला. १९६६ मध्ये ते गेले. संस्था आजही चालू आहे. माधवदासजींचेच दुसरे शिष्य योगेंद्र यांनी तर त्याहीआधी, १९१८ मध्ये, मुंबईत 'योग इन्स्टिट्यूट' काढून संसारी माणसांना योग शिकवायला सुरुवात केली होती. ती संस्था सांताक्रूझला आहे. या दोन्ही ठिकाणच्या शिकवणीत आसने सावकाश, श्रम न वाटता करायची असतात. थकवा येईल तोवर करायचा तो व्यायाम, आणि थकवा जाईल असे करायचे ते आसन, असा फरक मी माझ्यापुरता मनाशी ठरवला आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

आता तो प्रसंग सांगते.

माझी आई रोजाने शेतात जाते. खुरपणी, कांद्याची लागण, ज्वारीची काढणी. काम कोणतेही असो, कंबर वाकलेलीच. तिची पाठ बऱ्याच वर्षांपासून दुखते. गेल्या वर्षी योग दिन झाल्यावर जिमखान्याच्या भिंतीवरचा आसनांचा तक्ता मी वहीत उतरवून घेतला. त्यात पश्चिमोत्तानासनापुढे पाठीच्या कण्याला उत्तम, असे लिहिलेले होते. पाय लांब करून बसायचे आणि पुढे वाकून अंगठे धरायचे. मी घरी जाऊन आईला बसवले. ती म्हणाली, "दिसभर वाकूनच असतो की आमी. आनि कशाला वाकाया लावतीस?" मी वही दाखवली. आईला वाचता येत नाही. तिने वहीकडे पाहिले आणि म्हणाली, "पुस्तकात हाय म्हंजी बरूबरच आसंल." हात अंगठ्यापर्यंत पोचेनात, म्हणून मी मागून पाठीवर दाब दिला. दोन दिवस तसेच केले. तिसऱ्या दिवशी कंबरेतून कळ निघून पायात उतरली. सात रोज बुडाले. आई मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून मला समोर बसवले आणि हाताची दोन मणक्यांसारखी रचना करून समजावले. मणक्यांच्या मध्ये गादी असते. पुढे वाकले की तिच्या पुढच्या बाजूवर दाब येतो आणि आतला मऊ भाग मागच्या बाजूला, म्हणजे शिरा असतात तिकडे, ढकलला जातो. "ही बाई दिवसाचे आठ तास हेच करते. तू तिला नववा तास दिलास," असे ते म्हणाले. त्यांनी विश्रांती, औषध आणि थोडे चालणे सांगितले. मग दुखणे उतरल्यावर पालथे पडून राहणे आणि सोसेल तेवढीच छाती उचलणे. म्हणजे मकरासन आणि भुजंगासन! दोन्ही आसने त्याच तक्त्यात होती. तक्ता चुकीचा नव्हता. खुर्चीवर ताठ बसून आखडलेल्या निरोगी माणसाला पश्चिमोत्तानासन खरोखरच मोकळे करील. पण ते कुणी करायचे आणि कुणी करायचे नाही, यासाठी त्या तक्त्यात रकाना नव्हता आणि मला तो प्रश्न सुचला नव्हता.

हा प्रश्न ज्यांना आयुष्यभर सुचत राहिला, असे एक योगशिक्षक पुण्यात होऊन गेले. बी. के. एस. अय्यंगार १९१८ साली कर्नाटकातील बेल्लूर येथे जन्मले. लहानपणी हिवताप, विषमज्वर, क्षय यांनी ते पार खंगलेले होते. म्हैसूरला त्यांचे मेहुणे तिरुमलै कृष्णम्माचार्य राजाश्रयाने योगशाळा चालवीत. तेथे ते शिकले आणि १९३७ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या निमंत्रणावरून थोड्या महिन्यांसाठी म्हणून पुण्यास आले, ते कायमचेच. मॅट्रिकच्या परीक्षेत इंग्रजीत नापास झालेल्या या माणसाचे 'लाइट ऑन योगा' हे इंग्रजी पुस्तक १९६६ मध्ये निघाले आणि जगभर गेले, हे इंग्रजीच्या पेपराची धास्ती घेणाऱ्या माझ्यासारखीला फार धीर देणारे वाटते. त्यात दोनशेच्या आसपास आसने आणि सहाशेच्या जवळपास छायाचित्रे आहेत. सुप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन १९५२ मध्ये त्यांना भेटले आणि तेव्हापासून त्यांची कीर्ती परदेशात पसरली.

अय्यंगारांची पद्धत वेगळी कशात? एक तर ते आसन पुष्कळ वेळ धरून ठेवायला लावतात आणि गुडघा कोठे, खांदा कोठे, टाचेवर भार किती, याबाबत काटेकोर असतात. दुसरे, आणि मला सर्वांत मोलाचे वाटते ते, शरीर आसनापर्यंत पोचत नसेल तर ते आसन शरीरापर्यंत आणतात. हात जमिनीला टेकत नाही? लाकडी ठोकळा घ्या. अंगठा धरता येत नाही? पट्टा अडकवा. पाठ दुखते? भिंतीच्या दोराला लटका, खुर्चीवर रेला, खाली घडी केलेले कांबळे घ्या. पुण्यात १९७५ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्थेत ही सारी साधने आहेत. अय्यंगार २०१४ मध्ये निवर्तले. माझ्या आईच्या पाठीवर मी हात दाबला, तेव्हा माझ्या हाताऐवजी एक पट्टा आणि थोडी अक्कल असती तर सात रोज वाचले असते.

याच कृष्णम्माचार्यांचे दुसरे शिष्य पट्टाभी जोइस यांनी म्हैसूरला अगदी निराळी रीत चालवली. तिला अष्टांग विन्यास म्हणतात. ठरावीक क्रमाने एकातून दुसऱ्या आसनात श्वासाबरोबर वेगाने जायचे, मध्ये थांबायचे नाही. ती तरुण, धडधाकट शरीराची रीत आहे. एकाच गुरूच्या दोन शिष्यांच्या पद्धतींत इतके अंतर पडावे, यावरून 'योग' म्हणजे एकच एक ठरलेली गोष्ट नव्हे हे उघड होते.

आसनांमध्ये सर्वांत सोपे दिसणारे आणि सर्वांत अवघड असणारे म्हणजे शवासन. आपल्याकडे ते आले की मैदानावर चारदोन घोरण्याचे आवाज येतात आणि हशा पिकतो. परंतु मुंबईच्या डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचे निष्कर्ष १९६९ साली 'अँजिओलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. औषध न घेणाऱ्या रुग्णांचा दाब उतरला, औषध घेणाऱ्या पुष्कळांची मात्रा कमी करता आली; ज्यांचा दाब औषधांनीही आटोक्यात नव्हता आणि रक्तवाहिन्या कठीण झालेल्या होत्या, त्यांना मात्र फारसा गुण आला नाही. हा शेवटचा भाग लेखकांनी लपवला नाही, याचे मला विशेष वाटते. योगाचे फायदे सांगणाऱ्या पुस्तकांत असे वाक्य शोधूनही सापडत नाही. तेथे प्रत्येक आसनाने मधुमेहापासून दम्यापर्यंत सारे बरे होते. कंबरदुखीवर योगाचा माफक उपयोग होतो, ताण व चिंता कमी व्हायला मदत होते, रक्तदाब थोडा उतरतो, एवढे पुढील संशोधनात बऱ्यापैकी आढळलेले आहे. औषध बंद करून आसने सुरू करा असे सांगणारा कोणी भेटला, तर त्याच्यापासून दूर राहावे.

प्राणायामाविषयीही एक गैरसमज आहे. खोल श्वास घेतला की शरीरात पुष्कळ जास्त प्राणवायू जातो, असे आपण ऐकतो. वस्तुतः निरोगी माणसाच्या रक्तातील तांबडा रंगद्रव्याचा भाग साध्या श्वासातही प्राणवायूने जवळजवळ भरलेलाच असतो. भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार? मग फायदा कसला? श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते आणि घेताना वाढते. म्हणून श्वास सावकाश केला, विशेषतः सोडणे लांबवले, की हृदय आणि त्याबरोबर मनही निवत जाते. परीक्षागृहाच्या दारात उभे राहून हे करून पाहावे. मी पाहिले आहे. अनुलोम-विलोम, भ्रामरी हे या जातीचे. कपालभातीची जात उलटी. ती जोराची, तापवणारी. उच्च रक्तदाब, हर्निया, गर्भारपण किंवा पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर ती करू नये. आमच्या गल्लीत मात्र सारेजण सकाळी तीच करताना ऐकू येतात.

आता ध्यानाकडे वळू. ध्यानाच्या असंख्य पद्धती असल्या तरी माझ्या समजुतीप्रमाणे त्यांचे ढोबळ दोन प्रवाह पडतात. एकात मन एका खुंटीला बांधायचे. ती खुंटी म्हणजे श्वास, दिव्याची ज्योत, मंत्र किंवा देवाचे नाव. महेश योगींचे भावातीत ध्यान मंत्राचे. १९६८ मध्ये बीटल्स ही गायक मंडळी त्यासाठी हृषीकेशला आली आणि गाजावाजा झाला. पण माझी आजी बीटल्सना ठाऊक नसताना रोज माळ ओढत असे. संतांनी संसारी माणसाला योगाच्या खटाटोपाऐवजी नाम दिले, त्यामागे माणसाच्या दिवसाचे गणित होते. नाम दळताना घेता येते, खुरपतानाही घेता येते. त्यासाठी सतरंजी लागत नाही.

दुसऱ्या प्रवाहात मन बांधायचे नाही, नुसते पाहायचे. इगतपुरीची विपश्यना या वळणाची. सत्यनारायण गोयंका यांचा जन्म ब्रह्मदेशात मंडाले येथे झाला. व्यापारात यशस्वी, पण अर्धशिशीने बेजार. रंगूनला सयाजी ऊ बा खिन हे सरकारी महालेखापाल विपश्यना शिकवीत. गोयंका गेले तेव्हा, केवळ डोकेदुखीसाठी ही साधना नाही, असे सांगून त्यांनी आधी नकारच दिला, अशी हकिकत गोयंका स्वतः सांगत. ते १९६९ मध्ये भारतात आले, मुंबईत पहिले शिबिर घेतले आणि १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र सुरू झाले. तेथे शुल्क नाही. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणे, पहिले तीन दिवस नाकपुड्यांशी येणाजाणाऱ्या श्वासावर लक्ष, नंतर डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना पाहणे. खाज सुटली तर खाजवायचे नाही, ती येते आणि जाते हे पाहायचे.

माझे मामा चालक आहेत. त्यांना रात्रपाळ्यांनी झोप लागेनाशी झाली होती आणि राग नाकावर असे. ते दोन वर्षांपूर्वी जाऊन आले. तिसऱ्या दिवशी पळून यावेसे वाटले, संध्याकाळी जेवण नाही याचे जास्त वाईट वाटले, असे ते सांगतात. झोप सुधारली. रागाबद्दल मामींना विचारले, तर म्हणाल्या, "आधी ताट फेकायचे. आता बाजूला सारत्यात." मला वाटते, ध्यानाच्या फायद्याचे याहून नेमके मोजमाप मिळणे कठीण! तथापि दहा दिवस असे बसणे सर्वांनाच झेपते असे नाही. मनाचा गंभीर आजार असलेल्यांचा त्रास त्याने वाढू शकतो. त्या शिबिराच्या अर्जातही आजारपणाची माहिती विचारलेली असते. ती खरी भरावी.

यंदाच्या योग दिनाला मी जिमखान्यात सरांना विचारून तक्त्याशेजारी एक कागद चिकटवला. कोणत्या दुखण्यात कोणते आसन टाळावे, ते डॉक्टरांकडून तपासून घेऊन त्यावर लिहिले आहे. पहिली ओळ पश्चिमोत्तानासनाची आहे. येत्याजात्यांनी तो जरूर पाहावा. चूक आढळल्यास सांगावी.

आईचे दुखणे पुरते गेलेले नाही. काम तेच आहे, तर जाईल कसे? पण शेतातून आल्यावर चूल पेटवण्याआधी ती दहा मिनिटे पालथी पडते, कपाळाखाली हातांची घडी घेऊन. परवा तिने विचारले, "काय म्हनतात गं ह्याला?" मी म्हटले, "मकरासन. मगर पाण्याकाठी पडते ना, तसं." ती तशीच पडल्या पडल्या म्हणाली, "मगरीला कांदं लावाया जावं लागत न्हाई, म्हनून पडती निवांत. उठ, पानी ठिव चुलीवर."

(द्वितीय वर्ष, कला)